तारेवरचे तोतये

पानिपतच्या रणांगणावर 14 जानेवारी 1761 रोजी सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांचा अंत आपण डोळ्यांनी पाहिला असे निःसंशयपणे सांगणारा माणूस पुण्याला लवकर भेटला नाही, आणि जेथे खात्री नसते तेथे आशा घर करते. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत आपले वैधव्य मानले नाही. या आशेच्या आधारावर बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण 'आपणच भाऊसाहेब' म्हणून पुढे आला. पहिल्या चौकशीत तो खोटा ठरला व कैदेत पडला. पण 1776 साली रत्नागिरीच्या बंदिवासातून तो सुटला आणि पाहता पाहता कोकणातले किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या नावाने उघडू लागले. शेवटी आंग्र्यांनी त्याला पकडले. पुण्यात भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन झाले. पुढे नरसिंह चिंतामण केळकरांनी या प्रकरणावर नाटक लिहिले आणि 'तोतयाचे बंड' हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या जिभेवर कायमचा बसला.

पुणे दरबारापुढे त्या वेळी उभा राहिलेला प्रश्न दिसायला साधा होता. एक माणूस येतो आणि म्हणतो, 'मी अमुक.' त्याचे म्हणणे खरे कशावरून मानावे? चेहरा फसवतो, पोशाख फसवतो आणि नाव तर कोणालाही घेता येते. हा प्रश्न पेशवाईबरोबर संपला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हा उपस्थित झाला. या खेपेला दरबारात उभा होता तो माणूस नव्हता. दूरचित्रवाणीच्या तारेला जोडलेली, वहीएवढ्या आकाराची एक पेटी होती. तिला केबल मोडेम म्हणतात. घरातला संगणक आणि जगभरचे इंटरनेट यांच्यामधला तो दुभाषा. एका मोडेमचे नाव दुसऱ्याने चोरले, आणि एकाच नावाची दोन यंत्रे दोन घरांत नांदू लागली. त्यातले खरे कोणते आणि तोतया कोणते, हे ओळखण्याची विद्या कशी घडत गेली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

केबलचा जन्म अमेरिकेतला. 1948 च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगॉन या राज्यांतील डोंगराळ गावांना दूरचित्रवाणीचे संदेश नीट मिळत नसत. तेव्हा काही उद्योगी माणसांनी उंच जागी एकच मोठी आकाशतार उभारली आणि तेथून गावात घरोघर तारा ओढल्या. झाडाचे खोड, त्याच्या फांद्या, फांद्यांच्या डहाळ्या अशी ही रचना. खोडातून वाहणारा रस जसा प्रत्येक पानापर्यंत जातो, तसे मुख्य केंद्रातून निघालेले सारे कार्यक्रम सर्वच घरांपर्यंत जात. ज्याने ज्या वाहिनीचे पैसे भरले नसतील ती त्याला दिसू नये, यासाठी चित्र मुद्दाम विस्कटून पाठवीत आणि ग्राहकाच्या घरातली पेटी ते पुन्हा जुळवून दाखवी. साहजिकच पेटीत फेरफार करून फुकट चित्र पाहण्याचा धंदा सुरू झाला. 1991 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका केबल कंपनीने यावर गमतीचा तोडगा काढला. तिने मुख्य केंद्रातून तारेवर असा एक संकेत सोडला की, प्रामाणिक पेट्यांना त्याची बाधा होऊ नये, पण आतली चकती बदललेल्या पेट्या जागच्या जागी बंद पडाव्यात. मग कंपनी स्वस्थ बसून राहिली. थोड्याच दिवसांत तीनशेहून अधिक चोर आपली 'बिघडलेली' पेटी बदलून घ्यायला आपल्या पायांनी कचेरीत चालत आले.

या प्रसंगात हसू येण्यासारखे बरेच असले तरी त्यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ती पेटी केवळ ऐकणारी होती. बोलत काही नव्हती. तिचे नाव-गाव विचारण्याचे कारण नव्हते. त्याच तारेवरून इंटरनेट देण्याची कल्पना निघाली तेव्हा मात्र पेटीला बोलणे भाग पडले. बोलणाऱ्याला 'तू कोण?' असे विचारावे लागते आणि जेथे हा प्रश्न येतो तेथे खोटे उत्तरही येते.

मोडेमने द्यायचे उत्तर आधीच ठरलेले होते. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात 1973 पासून संगणक एकमेकांना जोडण्याची 'इथरनेट' नावाची पद्धती विकसित होत होती. तिच्यात प्रत्येक यंत्राला एक क्रमांक दिला जाई. आज त्याला मॅक क्रमांक म्हणतात. तो 48 द्विमान अंकांचा असतो. त्यातला पहिला अर्धा भाग सामान्यतः कारखानदाराचा आणि उरलेला अर्धा त्या विशिष्ट यंत्राचा. असे 281 लक्ष कोटींहून अधिक क्रमांक बनू शकतात. त्यामुळे जगात एक क्रमांक दोघांना देण्याचे कारणच नाही. परंतु ही योजना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका इमारतीत काम करणारे सहकारी होते. टपाल चुकीच्या टेबलावर जाऊ नये, एवढाच त्या क्रमांकाचा हेतू होता. तो घराच्या पाटीसारखा होता. पाटी पाहून पोस्टमन पत्र टाकतो. पण पाटी लावली म्हणून घर आपले होत नाही. पुढे याच पाटीला मालकीचा दाखला समजले गेले आणि सगळा घोटाळा तेथून सुरू झाला.

1997 सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतील केबल कंपन्यांनी मिळून मोडेमसाठी एक समान नियमावली प्रसिद्ध केली. तिचे नाव 'डॉक्सिस'. त्या नियमांप्रमाणे बनलेल्या पहिल्या मोडेमांना 1999 मध्ये मान्यता मिळाली. मोडेम चालू केल्यावर काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम तो तारेवर कान लावून मुख्य केंद्राचा आवाज शोधतो. मग केंद्र त्याचे अंतर मोजते आणि त्याने किती आधी व किती जोराने बोलावे हे ठरवून देते. नंतर मोडेम आपला मॅक क्रमांक सांगतो. कचेरीतील संगणक तो क्रमांक ग्राहकांच्या नोंदवहीत शोधतो, कोणत्या दराचे पैसे भरले आहेत ते पाहतो आणि मोडेमला एक लहानशी आज्ञापत्रिका धाडतो. 'तुला इतका वेग, इतकी मर्यादा' असे तीत लिहिलेले असते. ती वाचून मोडेम केंद्रात आपली नोंद करतो आणि घराची खिडकी जगाकडे उघडते.

चोरांची पहिली धाड या आज्ञापत्रिकेवर पडली. मराठेशाहीत पत्राच्या आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब करण्याची रीत होती. मोर्तब झाल्यावर खाली कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. आज्ञापत्रिकेच्या अखेरीसही नेमके असेच एक गणिती मोर्तब असते. पत्रिकेतले एक अक्षर जरी बदलले तरी ते जुळत नाही. ते तयार करताना कंपनीने आपल्याजवळचा एक गुप्त शब्द वापरायचा असतो. तो शब्द ठेवण्याचाच आळस ज्या ठिकाणी झाला, तेथे मोर्तब कोणालाही उठवता आले. जेथे शब्द होता तेथेही हुशार चोरांनी वाट काढली. आपल्या पत्रिकेत फेरफार न करता त्यांनी अधिक वेगाच्या दुसऱ्या ग्राहकाची, खऱ्या मोर्तबाची पत्रिका मोडेमच्या हाती दिली. पत्र अस्सल, सही अस्सल. फक्त ते ज्याच्या नावाचे तो माणूस वेगळा. हा प्रकार 2000 सालानंतर फोफावला. मग ज्याला जी पत्रिका पाठवली तीच त्याने सादर केली आहे ना, हे केंद्र तपासू लागले आणि ही वाट अरुंद झाली.

दुसरी धाड नावावरच होती. मोडेमच्या आतली आज्ञावली बदलून त्याचा मॅक क्रमांक हवा तसा लिहिता येतो, हे लोकांच्या ध्यानात आले. आता प्रश्न उरला तो पैसे भरणाऱ्या ग्राहकाचा क्रमांक मिळवण्याचा. तो अवघड नव्हता. केबलची तार सामायिक. चाळीच्या चौकात उभे राहून पोस्टमनने सर्वांच्या नावांचा पुकारा करावा आणि ज्याचे पत्र त्याने येऊन न्यावे, तशी तिची रीत. पत्रातला मजकूर झाकता येतो, पण नावांचा पुकारा सर्वांच्या कानी पडतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या मोडेमांचे क्रमांक टिपून घेणे शक्य झाले. मात्र ते तेथेच वापरण्यात धोका होता. एकाच केंद्रावर एका नावाचे दोन मोडेम आले की त्यांची ओढाताण होते. एक वर चढतो तर दुसरा खाली पडतो. म्हणून चोर आपसांत क्रमांकांची अदलाबदल करू लागले. एका शहरातले क्रमांक दुसऱ्या शहरात आणि तेथले येथे. प्रत्येक केंद्राच्या वहीत एकच नोंद दिसे आणि कोणालाही काही खटकत नसे.

नियमावली करणारे या धोक्याविषयी अगदीच अजाण होते असे म्हणता येणार नाही. 1983 साली शिकागोत व्यापारी पातळीवर सुरू झालेल्या पहिल्या अमेरिकन मोबाइल फोनांची कथा त्यांच्या समोर होती. तो फोन आपला क्रमांक उघड्या हवेत बोलून दाखवी. चोर रस्त्याच्या कडेला यंत्र घेऊन बसत, जाणाऱ्या मोटारींतील फोनांचे क्रमांक टिपत आणि ते दुसऱ्या फोनात भरत. महिन्याच्या अखेरीस बिल येई ते भलत्याच माणसाच्या घरी. त्यावर कंपन्यांनी योजलेला पहिला उपाय अत्यंत सरळ होता. एका क्रमांकावरून आता न्यूयॉर्कमधून बोलणे झाले आणि वीस मिनिटांनी लॉस एंजेलिसमधून झाले, तर दोहोंपैकी एक फोन खोटा असलाच पाहिजे. कारण एवढ्या वेळात तेवढा प्रवास माणसाला शक्य नाही. पुढे युरोपात 1991 मध्ये जी नवी पद्धत सुरू झाली तिच्यात फोनमधल्या सिम कार्डात एक गुप्त संख्या ठेवण्यात आली. ती संख्या कधीही हवेत उच्चारली जात नाही. केंद्र कोडे घालते आणि त्या संख्येच्या साहाय्याने कार्ड उत्तर देते. परवलीचा शब्द न उच्चारताच तो आपल्याला ठाऊक आहे हे सिद्ध करण्याची ही युक्ती. 1998 मध्ये तिच्या एका प्रकारातील गणितही कॅलिफोर्नियातील संशोधकांनी फोडून दाखवले. पण मूळ तत्त्व अबाधित राहिले. नाव सांगणे वेगळे आणि ओळख पटवणे वेगळे.

तरीही केबलच्या पहिल्या नियमावलीत यातले फारसे काही आले नाही. तिच्यात मजकूर झाकण्याची सोय होती. पण ती चावी केंद्राकडून मिळवण्यासाठी मोडेमने आपला क्रमांक सांगितला की पुरे होई. दाराला कुलूप भक्कम होते, मात्र 'मी घरचाच' असे म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली दिली जात होती. टेलिफोन कंपन्या आपल्या तारांवरून इंटरनेट देण्याच्या तयारीत होत्या. त्यांच्या आधी बाजारात पोहोचण्याची घाई होती. घाईत भिंत आधी उभी राहते आणि पाया मागून भरावा लागतो.

तो पाया 1999 च्या सुधारित नियमावलीने भरण्याचा प्रयत्न केला. आता प्रत्येक मोडेममध्ये कारखान्यातच एक गणिती प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीची एक गुप्त चावी बसवण्यात येऊ लागली. प्रमाणपत्रावर कारखानदाराची सही आणि कारखानदाराच्या प्रमाणपत्रावर त्याहून वरच्या मान्यवर संस्थेची सही, अशी साखळी. मोडेम आपले प्रमाणपत्र दाखवतो. केंद्र त्या प्रमाणपत्राला जुळणारे कुलूप लावून किल्ली पाठवते. गुप्त चावी ज्याच्यापाशी आहे त्यालाच ते उघडता येते. केवळ क्रमांक उसना घेणारा तोतया येथे अडकतो. परंतु घरोघर असलेले जुने मोडेम ही नवी भाषा बोलू शकत नव्हते. हजारो ग्राहकांची यंत्रे एका रात्रीत बाद करणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल? म्हणून कित्येक ठिकाणी नवा नियम कागदावर राहिला, आणि केंद्रे दोन्ही प्रकारच्या मोडेमांना आत घेत राहिली. जेथे प्रमाणपत्र ऐच्छिक असते तेथे तोतया ते दाखवायला विसरतो, हे सांगायला नकोच.

या मधल्या काळातच तोतया ओळखण्याची खरी कला विकसित झाली. तिचे चार टप्पे दिसतात.

पहिला टप्पा नोंदवह्या ताडून पाहण्याचा. ज्यांनी शिधापत्रिकांचा कारभार पाहिला आहे त्यांना तो चटकन कळेल. एकाच दुकानाची वही कितीही बारकाईने तपासली तरी बनावट पत्रिका सापडत नाही. दोन तालुक्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की तेच नाव दोन्हीकडे दिसते. केबल कंपन्यांनीही हेच केले. सर्व केंद्रांच्या नोंदी एकत्र आणल्या आणि एकच क्रमांक एकाच वेळी दोन केंद्रांवर जागा आहे काय ते पाहिले. येथे 'एकाच वेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ग्राहक घर बदलतो आणि आपला मोडेम बरोबर नेतो, तेव्हाही त्याचे नाव दोन वह्यांत येते. पण एका वहीतून गेल्यानंतर दुसरीत. हा भेद न करणारी तपासणी चोरापेक्षा भाडेकरूलाच अधिक छळते.

दुसरा टप्पा वर्णन जुळवण्याचा. मॅक क्रमांकाच्या पहिल्या भागावरून कारखानदार कळतो. मग मोडेमलाच विचारायचे, 'तू कोणत्या घडणीचा? तुझ्या आत कोणती आज्ञावली आहे?' क्रमांक एका कारखान्याचा आणि उत्तर दुसऱ्या कारखान्याच्या घडणीचे, असे झाले की संशयाला जागा होते. कनोजी वळणाने मराठी बोलणाऱ्या भाऊसाहेबांसारखा हा प्रकार. पण तोतया लवकरच बोलीही शिकतात.

तिसरा टप्पा अंतराचा. केंद्र प्रत्येक मोडेमचे अंतर मोजते हे वर आलेच आहे. संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो, यावरून ते ठरते. हे मोजमाप सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतक्या बारकाईने होते. एवढ्या अवधीत काचतंतूतून प्रकाश जेमतेम 20 मीटर जातो. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर अंतरातला सुमारे 10 मीटरांचा फरक जाणवतो. प्रत्येक घडणीच्या मोडेमचा स्वतःचा थोडा विलंब असल्यामुळे या आकड्यावरून घराचा दरवाजा दाखवता येत नाही. पण कालपर्यंत अमुक अंतरावरून येणारा आवाज आज एकाएकी दोन किलोमीटर दूर गेला, हे लपत नाही. नाव बदलता येते, बोली बदलता येते. तारेची लांबी बदलता येत नाही. निसर्गाने दिलेली ही साक्ष विकत घेता येत नाही, म्हणून तिचे मोल मोठे.

चौथा टप्पा निवाड्याचा. एकाच नावाचे दोन मोडेम समोर आले, आता कोणाला ठेवावे? प्रारंभी सोपा मार्ग वाटला तो 'आधी आला त्याला ठेवा' असा. परंतु तोतया रात्रभर जागा असतो आणि खरा ग्राहक सकाळी दिवा लावतो. या नियमाने मालकच घराबाहेर राहिला. उलट 'मागून आला त्याला घ्या' म्हटले, तर तोतयाने दार ठोठावताच मालकाला बाहेर जावे लागते. शेवटी ठरलेला नियम न्यायाला धरून होता. कोण आधी आला हे पाहू नका. कोण सिद्ध करू शकतो हे पाहा. प्रमाणपत्र आणि गुप्त चावी यांची कसोटी उतरलेला मोडेम बसलेला असेल, तर केवळ त्याचे नाव सांगत आलेल्याला आत घेऊ नये. आणि बसलेल्याने कसोटी दिलेली नसेल व मागून आलेला ती देत असेल, तर बसलेल्याने उठावे. एवढा साधा नियम केंद्राच्या यंत्रात उतरायला नियमावलीनंतर काही वर्षे जावी लागली.

तरी कथा येथे संपत नाही. काही चोरांनी मोडेमची स्मृती उघडून त्यातले प्रमाणपत्र आणि गुप्त चावी दोन्ही जशीच्या तशी उतरवून घेतली. या पूर्ण प्रतिकृतीपुढे चौथा टप्पाही हतबल होतो. कारण दोघेही परीक्षा उत्तीर्ण होतात. मग पुन्हा पहिल्या टप्प्याकडे, नोंदवह्या ताडून पाहण्याकडे यावे लागते. एकच प्रमाणपत्र दोन ठिकाणी जागे दिसले की ते काळ्या यादीत टाकायचे आणि खऱ्या ग्राहकाला नवा मोडेम द्यायचा. कोणतीही नवी विद्या जुनी विद्या निकामी करीत नाही; ती तिच्या शेजारी येऊन बसते, एवढेच.

चोरीच्या या धंद्याचा निकाल न्यायालयातही लागला. मोडेमचे अंतरंग बदलणारी साधने तयार करून विकणाऱ्या, सॅन डिएगो येथील एका व्यावसायिकावर 2009 मध्ये अमेरिकेत खटला भरण्यात आला. आपण केवळ साधन विकतो, त्याचा उपयोग कोण कसा करतो याच्याशी आपला संबंध नाही, अशा आशयाचा त्याचा बचाव होता. 2012 मध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयातील ज्यूरीने तो मानला नाही आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली.

भारतात हा प्रश्न थोड्या वेगळ्या वेषात आला. 1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास आपल्या शहरांत केबलच्या तारा गच्चीवरून गच्चीवर जाऊ लागल्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाले, आणि 1998 च्या धोरणानंतर खाजगी कंपन्यांना ते देण्याची मुभा मिळाली. मुंबई-पुण्यापासून अनेक नगरांत केबलवाल्यांनी इमारतींमधून संगणकाच्या साध्या तारा ओढल्या आणि ग्राहकाच्या संगणकाचा मॅक क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवला. तोच त्याचा परवाना. संगणक बिघडून दुसरा आणला की फोन करून क्रमांक बदलून घ्यावा लागे. मग घरगुती राउटर बनवणाऱ्यांनीच आपल्या यंत्रात 'जुन्या संगणकाचा क्रमांक उचला' अशी एक कळ ठेवली. चोरासाठी नव्हे, प्रामाणिक ग्राहकाचा खोळंबा होऊ नये म्हणून. एकच कृती एका घरात सोय आणि दुसऱ्या घरात चोरी ठरते. नाव उसने घेणाऱ्या प्रत्येकाला तोतया म्हणता येत नाही, हेही शोधणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

मोबाइल फोनांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर उघड झाला. प्रत्येक फोनला एक स्वतंत्र आयएमईआय क्रमांक असतो. 2020 मध्ये मीरतच्या पोलिसांना असे आढळले की, एकच क्रमांक तेरा हजारांहून अधिक फोनांवर चालू आहे. ज्या क्रमांकाने हरवलेला फोन शोधायचा, तो क्रमांक तेरा हजार खिशांत एकाच वेळी वाजत असेल तर शोध कोणाचा घ्यायचा? अशा क्रमांकांची देशव्यापी नोंदवही असावी म्हणून केंद्रीय नोंदणीची योजना आखण्यात आली, आणि तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रात झाला. 2023 मध्ये ती सर्व देशाला खुली झाली. त्याच वर्षी झालेल्या दूरसंचार कायद्याने यंत्राच्या ओळखक्रमांकात फेरफार करणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला.

या साऱ्या प्रकरणात बुडालेल्या पैशाचा हिशेब नेहमी मांडला जातो. पण खरी हानी पैशाहून मोठी आहे. केबलवरचा तोतया ज्याचे नाव घेतो, त्याच्या नावाने तो बोलतो, लिहितो, व्यवहार करतो आणि प्रसंगी गुन्हाही करतो. नंतर चौकशी सुरू होते तेव्हा वहीतला क्रमांक पोलिसांना नेतो तो पैसे भरणाऱ्या गृहस्थाच्या दारात. क्रमांकावर आंधळा विश्वास ठेवण्याची किंमत काय असते, हे दाखवणारी एक घटना पुण्याशी निगडित आहे. तीत तोतया यंत्र नव्हते. चूक होती ती नोंद वाचण्याची. 2007 मध्ये इंटरनेटवरील एका आक्षेपार्ह चित्राच्या प्रकरणी पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणकतज्ज्ञाला पकडले. तो क्रमांक त्या वेळी त्याच्याकडे होता, असे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने कळवले होते. पुढे उघड झाले की, कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. तोपर्यंत त्या निरपराध तरुणाने सुमारे 50 दिवस तुरुंगात काढले होते. नोंद नुसती चुकीची वाचली गेली तरी एवढे घडते. मग जेथे नोंदच मुद्दाम खोटी केलेली असेल, तेथे काय होईल याची कल्पना करावी.

म्हणून तोतया ओळखण्याची विद्या केवळ कंपन्यांच्या तिजोरीचे रक्षण करणारी नाही. ती निरपराध माणसाची ढाल आहे. एका नावाची दोन यंत्रे जागी आहेत, हे ज्या दिवशी सिद्ध होते, त्या दिवशी त्या नावाच्या गृहस्थाविरुद्धचा पुरावाही सैल पडतो. कारण त्याच्या नावाने बोलणारा दुसरा कोणीतरी आहे, हे तेव्हा मान्य करावेच लागते. तपासणाऱ्याने क्रमांक मिळाल्यावर थांबून चालणार नाही. हे नाव सांगणारा आणखी कोणी होता का, तो कोठून बोलत होता, त्याने काही सिद्ध केले होते की नुसतेच सांगितले होते, हे प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत.

आज घरोघर काचतंतू येत आहेत. 2006 च्या आणि 2013 च्या नियमावल्यांनी केबलचीही कुलपे अधिक भक्कम केली. तरी काचतंतूच्या टोकाला बसवलेल्या पेटीलाही एक अनुक्रमांक आहेच, आणि जेथे केवळ अनुक्रमांकावर भिस्त ठेवली जाईल तेथे जुनीच कथा नव्याने घडेल. यंत्रे बदलतात, तारा बदलतात. खोटे नाव सांगण्याचा मोह आणि सांगितलेले नाव खरे मानण्याचा आळस मात्र बदलत नाही.

कोकणातले किल्ले 1776 साली तोतयाने लढून घेतले त्याहून अधिक केवळ नाव सांगून घेतले. किल्लेदारांनी नाव ऐकले आणि दरवाजे उघडले. पुण्यात मात्र साक्षी झाल्या, आणि मगच निकाल झाला. दरवाजा उघडण्यापूर्वी साक्ष घ्यायची, की किल्ला गेल्यावर, एवढाच निर्णय प्रत्येक पिढीच्या हाती असतो.